रेवणअण्णांचा तेलाचा थेंब

आमचे शेजारी रेवणअण्णा तुमच्या घरी पहिल्यांदा आले, की चहा यायच्या आधी तुमच्या कपड्यांवर तेल टाकतात. चुकून नव्हे, मुद्दाम. डोळ्यांत औषध घालायच्या दोन बाटल्या त्यांच्या खिशात कायम असतात. एकीत पाणी, दुसरीत करडईचं तेल. आधी पाण्याचा थेंब, मग तेलाचा. थेंब कापडात जिरला, की अण्णा खूश होऊन मान डोलावतात, "पास!" म्हणजे तुमच्या नव्या शर्टाला डाग पडलेला असतो आणि वर तुमचं अभिनंदनही झालेलं असतं. थेंब गोळी होऊन वरच बसला तर शर्ट वाचतो, पण अण्णांचा चेहरा उतरतो. "बाद. ह्यात ते हाय."

'ते' म्हणजे फ्लोरिनची रसायनं. अण्णा मूळचे वळसंगचे. इथं सोलापुरात एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात ते फिनिशिंग मास्टर होते. विणून, रंगवून आलेल्या कापडावर शेवटचा हात फिरवायचा, हे त्यांचं खातं. डाग न पडणाऱ्या टेबलक्लॉथांना तेव्हा बाहेरच्या देशांत फार मागणी होती आणि त्यात अण्णांचा हात धरणारा कुणी नव्हता. मग त्याच गिऱ्हाइकांनी कळवलं, की हे फिनिश आता नको, आमच्याकडचे नियम कडक होत चाललेत. असं काय झालं म्हणून अण्णांनी मिळेल ते वाचून काढलं आणि निवृत्त होताना ते खातं घरी घेऊन आले. आपल्याकडे नियम यायचा तेव्हा येवो, आमच्या गल्लीत तो अंमलबजावणीसकट आला.

"पाण्याचा थेंब मेणावर बी उभा राहतोय," ते समजावून सांगतात. "पण तेलाचा बी उभा राहिला, तर समजायचं तेच. कार्बन नि फ्लोरिनची गाठ हाय ती, मास्तर. ऊन, पाणी, किडा, कुणालाच सुटत न्हाय. धुतलं की नाल्यात, नाल्यातनं रानात, रानातनं पोटात. आपण जातो, ते राहतंय."

मी शाळामास्तर असल्यामुळे हा धडा मला पाठ आहे. माझ्या मेहुण्याला तो नवीन होता. पुण्याहून तो महागडं जाकीट घालून आला आणि कौतुकानं म्हणाला, "वॉटरप्रूफ आहे, अण्णा." अण्णांनी बाटल्या काढत विचारलं, "सोलापुरात वॉटरप्रूफ? हितं ऊनप्रूफ मिळतंय का बघा की!" जाकीट बाद झालं. पण त्याच्या आतला रेशमी सदरा पास झाला. तो डाग घेऊन मेहुणा परत गेला.

"अण्णा, मग आम्ही मेलोच की," सुनंदा, म्हणजे माझी बायको, एकदा घाबरून म्हणाली.

"कोण म्हणलं? विष म्हणत न्हाय मी. जात न्हाय म्हणतोय. किती हाय, कुटनं येतंय, कुणाच्या पोटात जातंय, ते बघायचं. जितं त्याच्याबिगर चालतच न्हाय, दवाखान्यात म्हणा, तितं राहू दे. न चिकटणाऱ्या तव्याला बी तेच लावतेत. धपाट्याला कशाला पायजे?"

असं म्हणून त्यांनी तिचा ओरखडे पडलेला नॉनस्टिक तवा काखेत मारला आणि संध्याकाळी बिडाचा तवा आणून दिला. त्यावरची पहिली धपाटी तव्यानंच खाल्ली, आम्ही कडक भाकरी मोडून शेंगाचटणीबरोबर खाल्ली. तेव्हापासून अण्णांचा खोकला ऐकू आला, की गल्लीतल्या बायका तवे पलंगाखाली सरकवतात.

त्यांच्या पत्नी गौराअक्का होत्या तेव्हा अण्णा असे नव्हते. तेव्हा ते टापटिपीचे होते. त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर माशीसुद्धा पाय पुसून बसायची. गौराअक्का नेमक्या उलट. सदा हात कशात तरी भरलेले, तसेच पदराला पुसलेले. संध्याकाळी पलीकडच्या बोळातल्या मागांची खटखट चालू असायची, ओट्यावर अक्का उखळात शेंगाचटणी कुटायच्या, कन्नडमध्ये अण्णांची खोडी काढायच्या आणि अण्णा मराठीत चिडायचे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर त्या गरम चटणीचा गोळा ठेवायच्या. ते माग बंद पडले, अक्काही गेल्या. ती संध्याकाळ आठवली की मला अजून भूक लागते.

आता यंदाची गोष्ट. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर चालणारे आम्ही सोलापूरकर पांढरी बाराबंदी घालतो. तिला बटण नसतं, बंद असतात, आणि काखेतले बंद एकट्याला धड बांधता येत नाहीत. घरातलं कुणीतरी लागतंच. आमच्या गल्लीच्या रांगेत अण्णा लहानपणापासून चालत आलेले. यंदा रांगेचा म्होरक्या बसवराज, ज्याचं कोपऱ्यावर मोबाइलचं दुकान आहे, त्यानं सगळ्यांसाठी नव्या बाराबंद्या आणल्या.

"डाग पडतच न्हाय, अण्णा! तेल सांडा, चहा सांडा, कायबी सांडा!"

अण्णांनी बाटल्या काढल्या. पाणी उभं राहिलं. तेलही उभं राहिलं. मग हळूच म्हणाले, "बाद."

"बास की आता, अण्णा," बसवराज वैतागला. "समद्यांनी एकसारखं दिसायचं ठरलंय. हे घालणार नसाल, तर रांगेत न्हाय, मागनं चाला."

अण्णा भांडतील असं वाटलं होतं. त्यांनी बाटल्यांना बुचं लावली आणि घरी निघून गेले. त्या रांगेवर त्यांचा किती जीव आहे, हे मला ठाऊक होतं. राहवेना म्हणून मी मागोमाग गेलो.

"काय करलालाव, अण्णा?"

पत्र्याची ट्रंक उघडी होती आणि खाटेवर दोन जुन्या बाराबंद्या पसरल्या होत्या. एक पांढरीशुभ्र. दुसरी पिवळट पडलेली, बंदांपाशी डागच डाग.

"हिला बरंच तेल पाजलंय तुम्ही," मी चेष्टेनं म्हणालो.

"मी न्हाय, गौरानं," अण्णा म्हणाले. "चुलीपुढनं तशीच उठून यायची बंद बांधायला. हळदीचे हात, तेलाचे हात. दर वर्षी मी वरडायचो, आगं हात धुऊन ये की! हसायची नि गाठ मारायची. मग मी ही पांढरी घेतली आणि कारखान्यात हिला आपलं फिनिश मारलं. म्हणलं, आता लाव कुटं लावतीस हात. लावले तिनं. डाग पडला न्हाय. मला लई जिंकल्यावानी झालं."

त्यांनी पांढऱ्या बाराबंदीची घडी घातली, पुन्हा मोडली.

"तेच तिचं शेवटचं वरीस, मास्तर. समद्या वर्षांची बोटं हाईत त्या पिवळीवर. तेवढ्याच वर्षाची न्हाईत." त्यांनी तेलाची बाटली माझ्यापुढे धरली. "फिनिश मात्र हाय अजून. थेंब टाकून बघा."

माझ्यानं बाटली घेववेना. फार वाईट वाटलं.

मिरवणुकीच्या दिवशी, भोगीला, सकाळीच दार वाजलं. दारात अण्णा उभे. अंगात ती जुनी, डागाळलेली बाराबंदी, बंद सगळे लोंबत.

"पोरी, तेवढे बंद बांधतीस का? मागनं चालणाराला बी बंद लागतेत की."

सुनंदा भोगीची भाजी करत होती. हात तेलानं, हळदीनं माखलेले. "आले हं अण्णा, हात धुऊन येते," म्हणत ती नळाकडे वळली.

"थांब," अण्णा म्हणाले. "धुऊ नको. तशीच बांध."