पोटाचा अंदाज

"तीन किलो," आचारी डोळे मिटूनच म्हणाला.

बायकोचं पेन पाकिटावर टेकलं आणि तिथेच थांबलं. "कसले तीन किलो?"

"तांदूळ. उद्याच्या साठ माणसांना."

"माणसांना की चिमण्यांना?"

आचाऱ्यानं डोळे उघडले. दुपारी एकच्या या समाधीत कुणी टोकलेलं त्याला खपत नसे. "बावीस वर्षांत माझा अंदाज चुकलाय कधी?"

चुकला नव्हता, म्हणून तिनं मुकाट्यानं तीन लिहिले.

त्याची पद्धतच तशी होती. मोठ्या जेवणाच्या आदल्या दिवशी तो सकाळपासून चहाखेरीज पोटात काही जाऊ देत नसे. बरोबर एक वाजता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायचं, उद्याचं ताट डोळ्यांसमोर आणायचं आणि यातलं आपण किती हाणू, ते पोटाला विचारायचं. मग गुणाकार. कारखान्यातले लोक म्हणजे त्याचं अख्खं पोट, कचेरीतले पाऊण, म्हातारी माणसं निम्मं, पोरंटोरं पाव. बायको जुन्या पाकिटाच्या पाठीवर यादी लिहून घेई, पाकीट दुकानदाराकडे जाई आणि तिथेच त्याचा अंत होई. वहीत मापं लिहून ठेवणाऱ्या आचाऱ्यांबद्दल त्याचं मत फारसं बरं नव्हतं.

पण आता त्या पोटातच गडबड झाली होती, आणि ती डॉक्टरांनी केली होती.

तीन महिन्यांपूर्वी दोघं नवरा-बायको दवाखान्यात गेले होते. त्याचे गुडघे जिना चढताना कुरकुरायला लागले होते, रक्तात साखर निघाली होती आणि वजनकाटा एकशेचारवर होता. ती ब्याऐंशी आणि रक्तदाब चढा. डॉक्टर स्वतःही चांगले बाळसेदार होते. त्यांच्या शर्टाचं पोटावरचं बटण हजर होतं, पण मनानं केव्हाच राजीनामा देऊन बसलं होतं.

"आठवड्यातून एक इंजेक्शन," डॉक्टर म्हणाले. "जेवलो की आतड्यातून मेंदूला निरोप जातो, की बाबा रे, पुरे आता. हे औषध तोच निरोप देतं, फक्त जास्त वेळ देत राहतं. पोटही सावकाश रिकामं होतं. त्यामुळे थोडक्यात भागतं. पण बंद केलं तर भूक परत येते, आणि बहुतेकांचं वजनही. शिवाय खाण्यापिण्याच्या सवयी बदलाव्या लागतीलच, सुईनं सगळं होत नाही."

"मला नको," बायको म्हणाली. "सुई टोचून बारीक व्हायचं म्हणजे परीक्षेत कॉपी. मी पथ्यावर करून दाखवते."

"अवश्य. पण सांगून ठेवतो वहिनी, खाणं कमी केलं की शरीराला वाटतं, दुष्काळ पडला. ते जास्त भूक लावतं आणि ऊर्जा जपून वापरायला लागतं. नुसत्या पथ्यानं सहसा थोडंच उतरतं, आणि त्यात तुमचा दोष नसतो."

यानंतर डॉक्टरांनी आणखीही बरंच सांगितलं, पण आचाऱ्याचं लक्ष टेबलावरच्या त्यांच्या चार कप्प्यांच्या डब्याकडे होतं. आपण अंदाज कशानं करतो, हे त्यानं डॉक्टरांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

तर, ते साठ जणांचं जेवण, आचाऱ्यानं इंजेक्शन सुरू केल्यानंतरचं पहिलंच मोठं जेवण. चाळिसाव्या माणसाला वाढेपर्यंत भाताच्या पातेल्याचा तळ दिसला. उरलेल्या वीस जणांपुढे घाईघाईनं पाव आणि उकडलेले बटाटे आले. यजमानांनी आचाऱ्याकडे जे पाहिलं, ते त्याच्या जिव्हारी लागलं.

"अधाशी लोक!" घरी आल्यावर तो म्हणाला. "काय ते खाणं!"

बायकोनं उकडलेल्या दुधीची फोड तोंडात टाकली. मात्र पुढच्या खेपेला, पन्नास जणांच्या जेवणाला, तिनं त्याला न विचारता यादीत हात घातला. तीन महिने ती अर्धपोटी होती. बटाटे लिहिताना तिला बटाटे दिसत, पाव लिहिताना पावाचा वास येई. पेन आपसूक पुढे जाई. त्या दिवशी जेवण झाल्यावर इतकं उरलं की सगळी गल्ली दोन दिवस तेच जेवली.

"माझ्या यादीत ढवळाढवळ केलीस?" आचारी कडाडला.

"मग काय, परत नाक कापून घ्यायचं?"

"अगं, पण एवढं? ते काय लग्नाला आलेले हत्ती होते?"

"मला भूक लागते हो!" ती एकदम म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही दोन घास खाऊन ढेकर देता. मी रात्रंदिवस खाण्याचाच विचार करते."

भांडण तिथेच थांबलं, कारण खरं काय झालंय, ते दोघांनाही एकदमच कळलं. घरातल्या एका पोटाला सगळं पुरे वाटत होतं आणि दुसऱ्याला काहीच पुरत नव्हतं.

नेमका तेव्हाच कारखान्याच्या मॅनेजरचा निरोप आला. वार्षिक जेवण, तीनशे माणसं. पसंत पडलं तर कारखान्याचं कँटीन कायमचं यांच्याकडे. परक्या जिन्यांवरून पातेली चढवायची नाहीत की गुडघ्यांचे हाल करायचे नाहीत, एका जागी चूल आणि संध्याकाळी घर. बायको दहा वर्षं या कँटीनकडे डोळे लावून बसली होती.

"एकच सांगतो," मॅनेजर म्हणाला. "कमी पडलेलं मला चालत नाही आणि वाया गेलेलंही चालत नाही."

जेवणाच्या आदल्या दिवशी आचारी उपाशीपोटी स्टुलावर बसला. डोळे मिटले. ताट दिसलं, अगदी साग्रसंगीत दिसलं, पण पोट हूं की चूं करेना. त्यानं कांदा परतून वास घेतला. पाव शेकून नाकाशी धरला. पोट आपलं ढिम्म.

बायकोनं फ्रिज उघडला. दारात, लोण्याच्या डब्यामागे, या आठवड्याचं इंजेक्शन तसंच होतं.

"हे घेतलं नाहीत?"

आचाऱ्यानं मान खाली घातली. "म्हटलं, एक चुकवलं तर भूक येईल उद्याच्या अंदाजापुरती."

"ते औषध हळूहळू उतरतं, दिवसच्या दिवस. डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही त्यांचा डबा बघत होतात. आणि त्यांना न विचारता पुन्हा असं करायचं नाही."

"भूकच लागत नाही गं," तो हळूच म्हणाला. "आणि भूक लागत नाही तर मी कसला आचारी?"

तिला फार वाईट वाटलं. हा माणूस बावीस वर्षं हजारो लोकांची भूक आपल्या पोटात घेऊन फिरला होता. तिनं दुसरं स्टूल ओढलं आणि त्याच्याशेजारी बसली. "मलाही मिटू द्या डोळे. तुम्ही तुमचा आकडा लिहा, मी माझा लिहिते. एकमेकांच्या कागदात डोकावायचं नाही."

तिनं डोळे मिटले आणि तिच्या चेहऱ्यावर असं सुख पसरलं, जे लग्नाच्या फोटोतही नव्हतं. आचाऱ्याला किंचित हेवा वाटला.

त्यानं लिहिलं होतं पंधरा किलो. तिनं लिहिलं होतं पन्नास.

"बेरीज करून निम्मे," ती म्हणाली. "साडेबत्तीस. बटाट्यांचंही तसंच."

दुसऱ्या दिवशी तीनशे माणसं जेवली, मागून मागून जेवली, आणि शेवटच्या माणसाला वाढल्यावर पातेल्यात दोन डाव भात उरला. मॅनेजरनं पातेल्यात वाकून पाहिलं आणि सोमवारपासून कँटीन सुरू करा म्हणाला. आचाऱ्यानं ते दोन डाव बायकोच्या ताटात वाढले, आणि तिनं त्या दिवशी पथ्य बाजूला ठेवलं.

शनिवारी दोघं तपासणीला गेले. त्याचं वजन नऊ किलो उतरलं होतं, तिचं अडीच.

"दोघांनीही मनापासून केलंय," डॉक्टर म्हणाले.

बायको पदराशी चाळा करत राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर, मलाही द्या ते इंजेक्शन."

"अगं!" आचारी खुर्चीतून उठलाच. "कँटीन बुडेल! मग भूक कुणाला लागणार?"

डॉक्टरांना सगळी हकिगत सांगावी लागली. ते खदाखदा हसले. "अहो, मग मापं वहीत लिहून ठेवा की!"

दोघांनीही त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ते चारचौघांत काही वावगं बोलले होते.

"बावीस वर्षं तुमच्या पोटाचं ऐकलं," बायको नवऱ्याकडे वळली. "माझ्या पोटाचं कधी ऐकणार? का कँटीनसाठी मी जन्मभर उपाशी राहायचं?"

आचारी खाली बसला. त्याला स्वतःची लाज वाटली. "द्या तिला, डॉक्टर," तो म्हणाला. "तिला चालत असेल तर द्या. कँटीनचं बघू काहीतरी."

डॉक्टरांनी तिचे कागद तपासले, दोन-चार प्रश्न विचारले आणि औषध लिहून दिलं. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. एकला पाच मिनिटं कमी होती. त्यांचा हात आपसूक चार कप्प्यांच्या डब्याकडे गेला.

नवरा-बायकोंनी एकमेकांकडे पाहिलं.

"डॉक्टर," आचारी म्हणाला, "सकाळपासून काय खाल्लंत?"

"खाणार कधी? पेशंटच्या रांगेत नुसता एक चहा झालाय."

बायकोनं डबा हळूच आपल्याकडे ओढला आणि पर्समधून जुनं पाकीट आणि पेन काढलं. "सोमवारी कारखान्यात तीनशे माणसं आहेत. भात, बटाट्याचा रस्सा, गरम पाव. जरा डोळे मिटा बरं."

डॉक्टरांनी हसतहसत डोळे मिटले. हळूहळू त्यांचं हसू मावळलं आणि चेहरा गंभीर झाला. बरोबर एकच्या ठोक्याला ते म्हणाले, "तांदूळ तेहतीस किलो. बटाटे... थांबा, रस्सा दाट आहे का?"

आचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "दाट आहे, डॉक्टर."

"मग पंचवीस." डॉक्टरांनी एक डोळा उघडला. "पण हे फार दिवस चालायचं नाही हं. पुढच्या महिन्यापासून मी स्वतःच इंजेक्शन सुरू करतोय."

"छे!" दोघं एका सुरात ओरडले. "तुम्ही नुसतं पथ्य पाळा!"

डॉक्टरांनी निमूटपणे डोळा मिटला आणि बटाटे आणखी पाच किलोंनी वाढवले.