सबनीसकाकांचे तुर्कूकर

फिनलंडमधल्या तुर्कू शहरात जन्मलेल्या किंवा मेलेल्या प्रत्येक नामांकित माणसाची जयंती-पुण्यतिथी जगात फार तर दोन ठिकाणी होत असेल. तुर्कूत कदाचित. अमेरिकेत, आमच्या रेडमंडमध्ये, सबनीसकाकांच्या अपार्टमेंटमध्ये, नक्की.

टीपॉयवर इंटरनेटवरून छापलेला फोटो, हार, उदबत्ती, सुंठवडा. मग काकांचे 'दोन शब्द'. एका धावपटूच्या जयंतीला हॉल भरला होता. कुठल्याशा बिशपच्या पुण्यतिथीला मी आणि सुंठवडा. मला थोर माणसांचं मुळातच वावडं आहे. पण मी काकांच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे सुटका नाही.

नियम कडक. "जन्म किंवा मृत्यू, एक तरी तुर्कूत हवं." एक वास्तुविशारद जन्मला दुसरीकडे, सगळं आयुष्य तुर्कूत राहिला आणि मरायला हेलसिंकीला गेला. काकांनी त्याला बाद केला. "ऐनवेळी गाव सोडतो म्हणजे काय? बेशिस्त माणूस!"

काका बसत नाहीत. चहा चालता चालता, फोन चालता चालता. बाहेर पाऊस आणि माझ्या डोक्यावर त्यांच्या सपाता. कार्यक्रमातही उदबत्तीने स्मोक अलार्म वाजू नये म्हणून ते त्याच्याखाली उभे राहतात आणि टॉवेल हलवत भाषण करतात.

"काका, पण तुर्कूच का?"

"गेलो होतो एकदा. सुंठवडा घे."

गेल्या आठवड्यात मात्र त्यांचे फोनवर फोन. "रविवारी पुण्यतिथी आहे. नक्की ये हं. या वेळी माणसं हवीत."

"कोणाची?"

"ये तर खरा."

रविवारी पाऊस. ग्रुपवर एकामागून एक "सॉरी काका, आजचं कॅन्सल". मी वर गेलो तर हॉलभर खुर्च्या, शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्यासुद्धा. काका दार ते खिडकी, खिडकी ते दार.

"बाकीचे?"

"ट्रॅफिक असेल."

टीपॉयवरच्या फोटोत बर्फात उभी असलेली एक बाई. साडीवर जाड कोट, डोक्यावर लोकरी टोपी.

"या काय करायच्या, काका?"

"काही नाही रे. माझी बायको. मला ऑफिसने तिकडे पाठवलं, तर बर्फ बघायचा म्हणून हट्टाने बरोबर आली. तिथेच गेली." त्यांनी टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "नियमात बसते ना?"

"बसतात की."

"बाकीच्यांची आठवण काढायला त्यांचं अख्खं गाव आहे. ही प्रसिद्ध नव्हती. म्हणून माणसं हवी होती."

त्यांनी उदबत्ती लावली आणि सवयीने अलार्मकडे निघाले. मी त्यांच्या हातातून टॉवेल घेतला आणि स्वतःच तिथे जाऊन उभा राहिलो.

"मी बघतो हे. तुम्ही बसून सांगा. आणि दोन शब्दांत उरकू नका."

रिकाम्या खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत, फोटोसमोर, काका बसले. मी टॉवेल हलवत राहिलो.

"तिला बर्फ अजिबात आवडला नाही," ते म्हणाले.