जगदीशरावांचं विसरलेलं औदार्य

माणूस घर सोडताना कुलूप लावतो, नोकरी सोडताना राजीनामा देतो. सोशल नेटवर्कवरचं प्रोफाइल मात्र तो चहाच्या रिकाम्या कपासारखं जिथल्या तिथे ठेवून उठतो. लखनौच्या एका बँकेने परिपत्रक काढून ही बेशिस्त मोडायचं ठरवलं. सर्व अधिकाऱ्यांनी आपापली जुनी प्रोफाइलं शोधून बंद करावीत, असा आदेश निघाला. (प्राथमिक पाहणीत दर तिसरा विवाहित अधिकारी कुठे ना कुठे अद्याप अविवाहित आढळला होता.)

मुख्य व्यवस्थापक जगदीश हुपरीकर आज्ञाधारक गृहस्थ. इंदिरा नगरातल्या घरी ते लगेच कामाला लागले. पासवर्ड काही आठवेना.

"बटाटा, आणि पुढे एक-दोन-तीन," त्यांच्या पत्नी विनयाताई भेंडी चिरता चिरता म्हणाल्या. मानही वर केली नाही. बायकोची स्मरणशक्ती दांडगी, एवढीच नोंद घेऊन जगदीशराव आत शिरले.

आत एक तरुण भेटला. डोक्यावर केस, डोळ्यांवर गॉगल, मागे इमामबाडा. आवडी: गिटार, गिर्यारोहण, तत्त्वज्ञान. (गिटार घरात कधी नव्हती, डोंगर लखनौत नाही, तत्त्वज्ञानाला तेवढी जागा लागत नाही.) जगदीशरावांना तो फार आवडला.

"पापा, ये आप हो?" जुई, त्यांची मुलगी, डोकावली. "अच्छे लगते थे, यार!"

त्यातला भूतकाळ जगदीशरावांना लागला.

खाली गोमती नदीवरची त्यांची एकुलती एक कविता होती, आणि तिच्याखाली परममित्र दिनकर साठेचा अभिप्राय: ‘छान. कोणाची?’ या दोन शब्दांपायी जगदीशरावांनी साइट सोडली होती आणि दिनकरलाही.

पण पुढे पाहतात तो नवलच. त्यानंतर दर वाढदिवसाला दिनकरच्या शुभेच्छा! ‘मित्रा, तब्येतीला जप.’ ‘मित्रा, एकदा ये ना घरी.’ आणि प्रत्येकीखाली खुद्द जगदीशरावांचं उत्तर: ‘तुझ्यासारखा तूच.’ आपण हे कधी लिहिलं, ते त्यांना आठवेना. पण थोर माणसांना स्वतःचं औदार्य लक्षात राहत नाही, अशी समजूत घालून त्यांनी डोळे पुसले. बंद करण्याचं बटण तसंच राहिलं.

"उद्या दिनकरकडे जायचं."

"अहो, आधी फोन करा," विनयाताई चपापून म्हणाल्या.

"मैत्रीत फोन कसला!"

दिनकर हवाई दलातून निवृत्त होऊन तिथल्या तळाजवळच, शहराबाहेर बख्शी का तालाबला, पेरूची बाग सांभाळत होता. दार त्यानेच उघडलं. जगदीशरावांनी त्याला कडकडून मिठी मारली.

"दिन्या, तुझ्या शुभेच्छांनी लाजवलंस रे मला!"

"कसल्या शुभेच्छा? तू बोलणं टाकलंस, मग मी कशाला देऊ?"

जगदीशरावांचे हात सैल पडले. एव्हाना विनयाताई न विचारता स्वयंपाकघरात शिरून नेमक्या फडताळातून कप काढत होत्या.

"शुभेच्छा मी लिहायचे," दिनकरची बायको वसुधा म्हणाली. "यांच्या नावाने."

"आणि उत्तरं मी," आतून विनयाताई.

"म्हणजे तुम्ही दोघी...?"

"भांडण तुमचं होतं. आमचं अमीनाबादच्या बाजारात जाणं का थांबावं?" कप घेऊन बाहेर येत विनयाताई म्हणाल्या. " पण वाटायचं, कधीतरी उघडाल, वाचाल, एकमेकांना फोन कराल. तुम्ही उघडलंच नाहीत हो."

मग दिनकरने एक पेरू कापला, मोठी फोड जगदीशरावांपुढे सरकवली आणि घसा खाकरला.

"कविता खरंच तुझी होती?"

"हो."

"मग वाईट नव्हती."

समेट झाला. पुढल्या भेटीचा दिवसही ठरला. (दोघींनी ठरवला.)

शिफारस एवढीच: वर्षानुवर्षं न भेटता, न बोलता टिकलेली मैत्री ज्या वाचकांकडे असेल, त्यांनी तिचं श्रेय स्वतःच्या दिलदार स्वभावाला देण्यापूर्वी घरात एकदा हळूच चौकशी करावी. आणि हे वाचून ज्या नुसत्याच गालात हसल्या, त्यांनी नवऱ्याचा पासवर्ड आजच बदलावा.