पाठीवरचं डिझाइन

"हे सॉफ्टवेअर माझ्या डोक्यात आहे," खांब म्हणाला. "उद्या ही इमारत कोसळली, सगळे संगणक गाडले गेले, तरी मला फक्त एक फळा द्या आणि एक मार्कर द्या. दुपारच्या जेवणापर्यंत सगळं परत उभं करतो."

हे तो फळ्याला टेकून बोलत होता. तेवढंच चुकलं.

खांब हे त्याचं खरं नाव नव्हे. पार्सलं पोचवणाऱ्या एका कंपनीत तो प्रोग्रामर मंडळींचा प्रमुख होता, आणि 'मी या सॉफ्टवेअरचा खांब आहे' असं दर बैठकीत सांगून सांगून त्याने ते नाव स्वतःच कमावलं होतं. त्या दिवशीची बैठक जरा गंभीर होती. दुपारी संचालकबाई येणार होत्या. सॉफ्टवेअर कसं रचलंय ते त्यांना नीट समजावून सांगायचं. नाही जमलं, तर ते मोडीत काढून बाहेरच्या कंपनीकडून नवं घ्यायचं आणि खांबाच्या खुर्चीत दुसऱ्या कुणाला तरी बसवायचं, असं वर ठरलं होतं. खांब मात्र निर्धास्त होता. पाठीमागच्या फळ्यावर सगळं डिझाइन काढलेलं होतं: चौकोन, बाण, बाणांना फुटलेले बाण, मधोमध 'केंद्र' नावाचं जाडजूड वर्तुळ आणि वरच्या बाजूला 'पुसू नये' अशी ताकीद. हातवारे करत, फळ्यावर पाठ घासत त्याने आपल्या डोक्याची महती सांगून संपवली आणि तो बाजूला झाला.

फळा स्वच्छ होता. मधोमध तेवढं एक पुसट तपकिरी वर्तुळ उरलं होतं.

"सर," चष्मेवाली म्हणाली. टीममध्ये सगळ्यात नवी तीच. "ताकीद तुमच्या कॉलरवर आलीय."

सगळे त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. 'निदान आजच्या दिवस तरी शर्ट डाग न पाडता घरी आण' असं बजावून बायकोने सकाळी हातात दिलेला नवाकोरा पांढरा शर्ट. त्याच्या पाठीवर आता अख्खी कंपनी उमटली होती. उलटी.

"हरकत नाही," खांब म्हणाला. त्याने मार्कर उचलला, एक चौकोन काढला, त्यात 'पार्सल' असं लिहिलं आणि मग बराच वेळ तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

"आता बाण काढा," बिलवाला म्हणाला. बिलांचा प्रोग्राम त्याच्याकडे होता.

"कुठे?"

"ते तुमच्या डोक्यात होतं ना?"

मार्कर मग बिलवाल्याकडे गेला. त्याने फळाभर पसरेल असा बिलांचा चौकोन काढला आणि कोपऱ्यात 'इतर' म्हणून एक वाटाण्याएवढा. पत्त्यांचा प्रोग्राम सांभाळणाऱ्या पत्तेवाल्याला ते बघवेना. त्याने सगळं पुसून पत्त्यांचा महाल उभारला. त्यात बिलांना जिन्याखालची जागा मिळाली.

"अरे, पत्ता नसेल तर बिल पाठवशील कुणाला?"

"आणि बिल नसेल तर तुझा पगार येईल कुठून?"

"भांडू नका," खांब म्हणाला. "आरसा कुठे आहे?"

आरसा पुरुषांच्या स्वच्छतागृहात होता. फोनने पाठीचा फोटो काढून तो उलटा करावा, हे कुणालाही सुचलं नाही. ही सगळी मंडळी संगणकातली तज्ज्ञ होती.

खांब आरशाकडे पाठ करून उभा राहिला. बिलवाला आणि पत्तेवाला आरशात बघून वाचू लागले. चष्मेवाली दाराबाहेर लॅपटॉप घेऊन सगळं टिपू लागली.

"सर, जरा वाका. बिलं पँटमध्ये खोचली गेलीत."

"आणि घाम येऊ देऊ नका हो. पत्ते ओघळायला लागलेत."

"केंद्रातून बाण कुठे जातात?" बाहेरून प्रश्न आला.

"जात नाहीत. सगळे येतातच."

"मग केंद्र करतं काय?"

आत बिलवाला पत्तेवाल्याच्या कानाशी वाकला.

"ते पत्त्यांचं आहे ना?" बिलवाला हळूच म्हणाला.

"मला वाटत होतं तुझं आहे."

दोघांनी खांबाकडे पाहिलं. खांबाने डोळे मिटले. "केंद्र म्हणजे या सॉफ्टवेअरचं हृदय," तो म्हणाला.

"हो, पण ते करतं काय?" हा आवाज चष्मेवालीचा नव्हता. संचालकबाई लवकर आल्या होत्या.

वरात बैठकीच्या खोलीत परतली. बाईंनी फळ्यावरचे महाल पुसले. तपकिरी वर्तुळ काही हलेना. त्यांनी ते नखाने खरवडलं, वास घेतला, मग हातातल्या मगातला उरलेला चहा पिऊन टाकला आणि मगाचं बूड त्या वर्तुळावर टेकवलं.

बरोबर बसलं.

"भिंतीवर लावण्याआधी हा फळा कुठेतरी आडवा पडला असणार," बाई म्हणाल्या.

खांब इथे आला त्याच्या आधीपासून ते वर्तुळ तिथे होतं. प्रत्येक नव्या माणसाने त्याला आपला एकेक बाण जोडला होता. खांबाने तर ते दरवर्षी मार्करने गिरवलं होतं. भक्तिभावाने.

"पण सर, तुम्हीच म्हणाला होतात की सगळं केंद्राकडे जातं," चष्मेवाली रडवेली झाली. "बघितलं तर केंद्राचा प्रोग्रामच सापडेना. म्हटलं, हरवला असेल. म्हणून मी लिहिला आणि सगळ्यांचे प्रोग्राम त्याला जोडले."

"काय करतो तो?" बाईंनी विचारलं.

"सगळे त्याला निरोप पाठवतात. तो ठेवून घेतो आणि पोच देतो."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही. पण एक तक्रार नाही आजवर."

"मग बंद करून टाका."

"केला होता एकदा," बिलवाला म्हणाला. "सगळी पार्सलं थांबली. पोच मिळेपर्यंत कुणी जागचं हलेना."

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी मगात डोकावून पाहिलं, पण तो रिकामा होता.

"बाहेरच्या कंपनीला मी काय सांगू?" शेवटी त्या म्हणाल्या. "की चहाच्या डागासकट नवं करून द्या? हे तुम्हीच सांभाळा. दुसऱ्या कुणाच्या अंगावर घालणं बरं नाही." मग त्या खांबाकडे वळल्या. "आणि डिझाइनची एकुलती एक प्रत धुतली जाता कामा नये. शर्ट काढा."

शर्ट कपाटात गेला आणि कपाटाला कुलूप लागलं. खांब बनियनवर जिन्यात जाऊन उभा राहिला आणि त्याने घरी फोन लावला.

"शर्टाला काही लागलं नाही ना?" बायकोने पहिल्यांदा तेच विचारलं.

"शर्ट ऑफिसने ठेवून घेतला."

"आणि तुला?"

"मलाही ठेवून घेतलं."

पलीकडे सुटकेचा निःश्वास ऐकू आला. खांबाने घसा खाकरला.

"ऐक ना. ऑफिसच्या मागच्या दाराशी एखादा शर्ट आणून देशील का? जुना चालेल. फक्त पांढरा नको."