जास्तीच्या दोन पोळ्या

लग्नाची पत्रिका हातात पडली की माणूस आधी काय वाचतो? मुलाचं नाव, मुलीचं नाव, मुहूर्त. बोरसे सर यातलं काहीच वाचत नसत. पत्रिका आणणाऱ्याला उभ्या उभ्याच विचारत, "माणसं किती बोलावलीत?" तो बिचारा म्हणे, "पाचशे." मग सर डोळे मिटत, ओठ हलवत आणि सांगत, "तीनशे दहा ताटं. फार तर तीनशे तीस. त्यावर एक बट्टी करू नका." बसा, चहा घ्या, हे त्यानंतर.

जळगावात माझा केटरिंगचा धंदा आहे आणि सर माझे शेजारी, भिंतीला भिंत लागून. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, म्हणजे पगार थांबला, शिकवणं काही थांबलं नाही. वर्गातली मुलं निदान मागच्या दाराने पळून तरी जायची. मी पळणार कुठे? माझी भांडी धुवायची जागा त्यांच्या खिडकीखाली होती.

"सुनील, एन सांग, पी मी काढतो," हे त्यांचं पालुपद. एन म्हणजे बोलावलेली माणसं. पी म्हणजे त्यातलं एखादं माणूस खरंच येण्याची शक्यता. प्रत्येक पाहुणा म्हणजे उडवलेलं एक नाणं, येईल किंवा येणार नाही. अशी पाचशे नाणी उडवली तर साधारण किती छापे पडतील आणि त्यात किती फरक पडू शकेल, ते कागदावर मांडता येतं. याला द्विपद वितरण म्हणतात हे मला त्यांनी इतक्यांदा सांगितलं, की एकदा आचाऱ्यावर ओरडताना माझ्याच तोंडून ते निघालं.

पी काढण्याची त्यांची रीत मोठी नामी होती. सख्ख्या नात्याला दहात नऊ. ऑफिसातल्या माणसाला दहात पाच. फोनवर "बघतो, जमलं तर येतो" म्हणणाऱ्याला दहात सहा आणि "म्हणजे काय, येणारच!" म्हणणाऱ्याला दहात चार. मी हसलो, पण दोन हंगाम ताडून पाहिलं आणि त्यांच्याच आकड्याने स्वयंपाक करू लागलो. माझ्याकडचं अन्न वाया जाणं जवळपास थांबलं.

लग्नांत चुकले ते एकदाच. रावेरहून येणारी वऱ्हाडाची बस वाटेत बंद पडली आणि चाळीस पानं रिकामी राहिली. यजमान माझ्यावर तणतणत होता आणि सर मात्र खुशीत. "ही चाळीस माणसं नव्हतीच सुनील. चाळीस तोंडांचं एकच माणूस होतं! प्रत्येकाचं नाणं वेगळं उडायला हवं, आपण तेच विसरलो." मी म्हटलं, सर, बट्ट्या चाळीस माणसांच्याच उरल्यात. तेव्हा त्यांनी चार बट्ट्या घरी नेल्या.

घरी अक्का, सरांची बायको. त्यांचं माहेर धुळ्याकडचं, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. कुणी आलं की सरांचं तोंड सुरू व्हायचं, अक्कांचे हात. त्या रोज दोन पोळ्या जास्तीच्या करत, आणि त्या दोन पोळ्यांवरून त्या घरात चाळीस वर्षं भांडण चाललं. सरांनी म्हणे महिनाभर नोंद ठेवली होती. ते घरी असताना आगंतुक पाहुणा येण्याचं प्रमाण आठवड्याला एक. मग रोज दोन पोळ्या कशाला?

"येनारा मानूस इचारीसन येस का?" अक्का म्हणायच्या. "तुमनं गनित तुमनाजोडे ऱ्हाऊ द्या."

संध्याकाळी डब्यात त्या पोळ्या नसायच्या. सर समजत, गाईला घातल्या. विचारलं कधीच नाही.

मागच्या थंडीत अक्का वारल्या. तीन दिवसांचा ताप आला आणि सगळं संपलं. गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या दिवसाचं जेवण अर्थातच माझ्याकडे होतं. आदल्या दिवशी सरांनी मला बोलावलं. पुढ्यात यादी होती. त्यांचे सहकारी, दोन्हीकडचं नातं, गल्ली, एवढंच. "एन एकशे ऐंशी," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता, हात मात्र कागदावर नुसता फिरत होता. "एकशे वीस ताटं कर. फार तर एकशे तीस."

"थोडं जास्तीचं करतो ना सर."

"नको. ती फारशी कुठे जायची नाही. तिच्या ओळखी त्या कितीशा?"

मी ऐकलं. इतक्या वर्षांची सवय. माझंही चुकलंच.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला पहिली पंगत बसली आणि फाटकातून माणसं येतच राहिली. मी वरणात पळी घालून बाहेर पाहिलं, तर रस्त्याच्या वळणापर्यंत माणसं. असोद्याहून सकाळी भाजी घेऊन येणाऱ्या बायका, गळ्यात पिशवी अडकवलेला म्हातारा पोस्टमन, होस्टेलला राहून शिकलेल्या आणि आता कडेवर पोरं घेतलेल्या मुली, गॅसच्या गाडीवरचे दोघे, चाळीसगावहून पहाटेची गाडी धरून आलेली एक नर्स. दुसऱ्या पंगतीला गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी संपली, मग पोळ्या. मी सरांकडे धावलो.

सर फाटकापाशी वही घेऊन उभे होते. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, अशी त्यांची मोजणी चालायची. दोनशेच्या पुढे कुठेतरी पेन थांबलं होतं. समोर असोद्याची एक म्हातारी उभी होती. सर तिला विचारत होते, "तुम्ही कोण? तिला कशा ओळखता?"

"आमी भाजीवाल्या, भाऊ. दुपारी टोपली रिकामी झाली का अक्का आमाले हाक मारे. गरम पोळी खाल्ल्याबिगर जाऊच नाही दे."

"रोज?"

"रोज कोनी ना कोनी राहेच ना भाऊ. आज मी, उद्या दुसरी."

सर दहा ते पाच कॉलेजात असत, निवृत्तीनंतर दुपारभर वाचनालयात. त्या दोन पोळ्या दुपारी एकच्या सुमाराला खाल्ल्या जायच्या. रोज नवं माणूस, नाहीतर जुनंच पुन्हा, अशी चाळीस वर्षं. "मला सांगितलं का नाही तिने?" सरांनी मला विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाले, "सांगितलं असतं तर मी सरासरी काढली असती."

त्या दिवशी कुणी उपाशी गेलं नाही. असोद्याच्या त्याच बायकांनी माझ्याकडचं पीठ ओढून घेतलं, अंगणात बसल्या आणि रडत रडत पोळ्या लाटल्या. सर एका कोपऱ्यात खुर्चीवर बसून होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "पी बरोबर होता रे. एनच माहीत नव्हता. माझ्याच घरातला." आणि ते ढसाढसा रडले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, अक्का गेल्या त्या दिवशीसुद्धा नाही.

नंतर त्यांना एकच ध्यास लागला. अक्कांची माणसं किती होती, ते काढायचं. वही घेऊन एसटीने असोदा, चाळीसगाव, एकदा थेट धुळं. प्रत्येकाला विचारायचं, ती कुठे भेटली, काय बोलली, हसली का. कधी मी मोटरसायकलवर घेऊन जायचो. नावं वाढत गेली, पण प्रत्येक जण आणखी दोघांची सांगायचा. उन्हाळ्यात त्यांनी फिरणं थांबवलं. "हा एन सापडायचा नाही," म्हणाले आणि वही अक्कांच्या फोटोखाली ठेवून दिली.

हल्ली ते स्वतः पोळ्या करतात. जाडजूड, एका बाजूने करपलेल्या. दोन स्वतःच्या, दोन जास्तीच्या. एकला फाटक उघडं टाकून दारापुढच्या ओट्यावर बसतात. कुणी येत नाही. भाजीवाल्या गल्लीतून जातात, सरांना पाहून पदर सावरतात, "बरे आहेत ना भाऊ?" विचारतात आणि पुढे निघतात. एकट्या पुरुषाच्या घरी जेवायला कशा बसतील त्या? सर त्यांना बोलवतही नाहीत. बोलावलं तर मोजायचं काय, असं म्हणतात.

मला ते बघवेना. मी रोज एकला जाऊ लागलो. ती करपलेली पोळी चटणीशी खायचो आणि छान झाली म्हणायचो. आठवडाभर सरांनी वाढलं. गेल्या सोमवारी मी पानावर बसलो, तेव्हा मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडे माझं लक्ष गेलं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात सरांच्या बारीक अक्षरात शून्य लिहिलं होतं. मी येत होतो त्या तारखांनाही.

"सर, मी येतो की रोज. हे शून्य कसं?"

सरांनी माझ्या पानात दुसरी पोळी वाढली. फाटकाकडे एकदा पाहिलं.

"तुला धरायचं नाही, सुनील," ते म्हणाले. "तू ठरवून येतोस."