अबोलीचा नाच, वेळेअभावी

नंदनवन भागात राहणाऱ्या अकरा वर्षांच्या अबोलीला गाता येत असे, नकला करता येत असत आणि नाचायला उभी राहिली की शेजारीपाजारी कामधाम सोडून बघत. ही बाब जगालाही कळावी म्हणून सरकारी कचेरीत कारकून असलेले तिचे बाबा विश्वनाथराव यांनी रीतसर मार्ग पत्करला. एका कलासंवर्धक मंडळाच्या नृत्यवर्गात तिचे नाव घातले.

मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात तिला पाच मिनिटे मिळाली. सहाचा कार्यक्रम साडेसातला, म्हणजे वेळेवर सुरू झाला. मंचावर बावीस मान्यवर होते. शाल-श्रीफळाचे तबक धरणारी मुलगी ऐनवेळी आली नाही.

"तू नटलेलीच आहेस ना वं, मग धर हे तबक," अध्यक्षा सुमतीताई म्हणाल्या.

अबोलीने धरले. बावीस सत्कार, बावीस मनोगते. मनोगतांतून कला जगली पाहिजे, असे एकमताने ठरले. मग निवेदकाने जाहीर केले, की वेळेअभावी नृत्य होणार नाही. पोरगी घुंगरांसकट रिक्षात बसली आणि घर येईस्तोवर रडली.

पण तिचे तबक मात्र लोकांच्या डोळ्यांत भरले होते. पायांत घुंगरू असून पाऊल न वाजवता येणे, नारळ घरंगळू न देणे, फोटोत मान्यवरांच्या मागे राहूनही हसणे! पुढच्या महिन्यात तीन संस्थांची बोलावणी आली. मंडळाने ही गरज ओळखून 'सत्कार-साहाय्य' हा तीन वर्षांचा अभ्यासक्रमच काढला. पहिल्या वर्षी तबक, दुसऱ्या वर्षी औक्षण, तिसऱ्या वर्षी स्मृतिचिन्ह. नृत्याचा तास त्याच वेळेत येत असल्याने तो ऐच्छिक झाला, आणि कोणाच्याच पालकांनी इच्छा व्यक्त न केल्याने बंद पडला.

"बाबा, मले नाचाचं आहे," अबोली म्हणाली.

"नाचशीन ना! आधी स्टेजवर वळख तर होऊ दे," विश्वनाथराव म्हणाले. त्यांचे खोटे नव्हते. तिला आता शहरातले सगळे मान्यवर ओळखत. नावाने नव्हे, तबकाने.

दोन वर्षांत तिचे शंभर कार्यक्रम झाले. मंडळाने तिला 'बालकलारत्न' जाहीर केले. मानपत्रात नृत्य, गायन व अभिनय या तिन्ही क्षेत्रांतील तिच्या मोलाच्या योगदानाचा उल्लेख होता. नरखेडहून तिचे आबाजी चंद्रभान खास आले. नातीच्या गळ्यात हार पडला तेव्हा म्हातारबुवांचे डोळे भरून आले.

"आता नाचू का?" अबोलीने सुमतीताईंना हळूच विचारले.

"अगं, सत्कारमूर्तीनं नाचायचं नसतं बेटा. शोभत नाही."

पहिल्या रांगेतून आबाजी उठलेच. "काहून नाई शोभत? कलेचं बक्षीस देऊन राहिले ना तुमी? मंग पोरीची कला तं पाहा!"

सभागृह चपापले. मान्यवरांनी आपापसांत खल केला. नियमात मनाई आढळली नाही, तेव्हा आभारप्रदर्शनानंतर पाच मिनिटे मंजूर झाली. दोन वर्षांनी! अबोलीने विंगेत घुंगरू बांधले.

आभार मानून झाले. "यानंतर बालकलारत्न अबोलीचे नृत्य," निवेदक म्हणाला, आणि त्याच दमात पुढे म्हणाला, "अल्पोपाहाराची व्यवस्था मागच्या दालनात केली आहे."

पेटी वाजली. अबोलीने पहिले पाऊल टाकले. ती फार सुंदर नाचली, असे आबाजी सांगतात. त्यांना विचारायचे कारण एवढेच, की बघणारे तेच एक होते.

बाकी तुम्हीही होतातच तिथे. पाचव्या रांगेत. "नव्या पिढीला कलेची कदरच नाही हो," असे शेजाऱ्याला म्हणालात, आणि आलुबोंडे संपायच्या आत उठलात.