बाळ, बेबी आणि रंभा

नरहरी चुरींच्या घरात चार माणसं होती आणि चौघंही पूर्ण वाढलेली होती, हीच मुख्य अडचण होती. दादरच्या एका खोलीत मुलं लहान असताना सगळं मावत होतं. मग थोरला हरिश्चंद्र सहा फूट उंच झाला आणि बँकेत लागला. धाकटी सुभद्रा शाळेत शिकवायला लागली. खोली होती तेवढीच राहिली. हरिश्चंद्र गॅलरीत झोपायचा आणि पहाटे दूध आणायला निघालेले शेजारी त्याचे पाय ओलांडून जायचे. "झोप, बाळ, झोप," असंही म्हणायचे, कारण घरीदारी त्याचं नाव बाळच होतं. सुभद्राला सगळे बेबी म्हणत.

त्यातच बाळचं लग्न ठरत आलं. मुलगी विरारजवळच्या चांदीप गावची. तिचे वडील हिरामण राऊत यांनी चहा घेतला, खोलीवरून एक नजर फिरवली आणि कपबशी खाली ठेवली. "मुलगा पसंत आहे. पण आमची चिमी ह्या पडद्यामागं संसार करायची नाही. वेगळी खोली दाखवा, मग सुपारी फोडू."

नरहरी दर रविवारी विरारला हिंडू लागले. जिथे जागा चांगली तिथे भाडं ऐकून घाम फुटायचा, आणि भाडं बरं तिथे जागा पाहून. शेवटी मनवेलपाड्यात बळीराम म्हात्रेच्या चाळीत दोन खोल्या रिकाम्या सापडल्या. मागे विहीर, आणि भाडंही झेपेल असं.

"पोरं किती?" बळीरामने विचारलं.

"दोनच. बाळ आणि बेबी."

बळीरामचा चेहरा खुलला. "मंग काय हरकत नाय. मोठा पोरगा असता तं दिली नसती बगा. घरात आमची रंभा हाय ना! मागच्या भाडेकरूच्या पोरानं दिसभर ट्रान्झिस्टर वाजवून तिला पार येडी केली. खानंपिनं सोडलं तिनं."

वयात आलेली मुलगी, ट्रान्झिस्टर, सोडलेलं खाणंपिणं. नरहरींना सगळं समजलं. बाळ तिशीला आलाय हे सांगायला त्यांनी तोंड उघडलंही होतं, पण तेवढ्यात बळीरामच्या बायकोने, शकूने, हौसेने विचारलं, "बेबी रांगते का?"

"आता चालते," नरहरी म्हणाले आणि त्यांनी तोंड मिटलं.

घरी मथुराबाईंनी नवऱ्याला धीर दिला. "खोटं कुठं बोललात? बाळ आणि बेबीच म्हणालात ना?" आणि उत्साहाच्या भरात त्यांनी सामान हलवायच्या दिवशीच हिरामण राऊतांना जागा बघायला बोलावून टाकलं.

त्या रविवारी टेम्पो चाळीपुढे थांबला, तेव्हा शकूने खोलीत पाळणा टांगून ठेवला होता आणि ती सहाणेवर जायफळ उगाळत बसली होती. दारात वाकून, डोक्यावर ट्रंक घेऊन बाळ आत आला.

"ह्यो कोन? हमाल का?"

"बाळ," नरहरी पुटपुटले.

शकूने बाळकडे पाहिलं, मग पाळण्याकडे पाहिलं आणि उगाळायचं थांबवलं.

"ह्यो बाळ?" बळीराम कडाडला. "मिशा माझ्यापरीस मोठ्या हायत! सामान उतरवू नका. माझी रंभा अजून धड खात नाय, त्यात ह्यो आला तं?"

"अहो, पोरगा गरीब आहे," नरहरींनी हात जोडले. "तिच्याकडं मान वर करून बघायचा नाही."

"बघू दे की! बघायला कोन नको म्हनतंय? आवाज नको!"

ही अट नरहरींना जरा चमत्कारिक वाटली, पण वाद घालायची ती वेळ नव्हती. फाटकातून हिरामण राऊत आत येत होते.

मथुराबाईंनी त्यांना अंगणात खुर्ची दिली. पाहुणा दिसल्यावर बळीरामने आवाज खाली आणला, पण मान हलत होती ती नकारार्थीच. खोली गेली आणि लग्नही गेलं, हे ओळखून बाळ हातपाय धुवायला मागे विहिरीवर गेला. त्याला गुणगुणायची सवय होती. दुःखात तर तो जास्तच गुणगुणायचा.

थोड्याच वेळात शकू मागून धावत आली. "अवो, चला लवकर! रंभा त्या बाळाच्या गळ्यात पडलीय! इतके दिस कुनाला जवळ येऊ देत नव्हती, नि आता त्याच्या खांद्यावर मान टाकून डोळे मिटून उभी हाय!"

हिरामण राऊत ताडकन उठले. "रंभा? तिला तर मी चांदीपला घरी ठेवून आलो!"

चिमीचं खरं नाव आपण कधी विचारलंच नव्हतं, हे नरहरींच्या त्या क्षणी लक्षात आलं.

सगळे मागे धावले. बाळ विहिरीच्या कठड्याला चिकटून घाबऱ्या आवाजात गुणगुणत होता आणि एक धिप्पाड म्हैस त्याच्या खांद्यावर मान टाकून उभी होती. तो थांबला की ती त्याला शिंगाने हळूच ढोसायची.

"ही... म्हैस?" नरहरी म्हणाले.

"मंग तुमाला काय वाटलं?"

शकूने पेंडीची बादली पुढे सरकवली. बाळने गुणगुणतच हात पुढे केला आणि रंभेने ती पेंड चाटूनपुसून खाल्ली.

"खाती हाय! शकू, खाती हाय!" बळीरामच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. "उतरवा सामान. पन ह्यो रोज दोन टाइम गोठ्यात आला पायजे."

हिरामण राऊतांचा श्वास आता ठिकाणावर आला होता. त्यांच्याही दारात म्हशी होत्या. त्यांनी रंभेच्या पाठीवर थाप मारली. "फोडू सुपारी."

"थांबा," बळीराम म्हणाला. "तुमच्या पोरीचं नाव पन रंभा? एका वाड्यात दोन रंभा नकोत. हाक कुनाला मारायची नि येनार कोन?"

"मग म्हशीचं बदला."

"ती कुठं ऐकनार? तुमची पोरगी शिकलेली हाय, ती ऐकंल."

लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत होतीच, त्यामुळे कुणाला कमीपणा आला नाही. बाळने ताटातल्या तांदळात अंगठीने 'नर्मदा' लिहिलं. पाळणा शकूने उतरवू दिला नाही.

पण माहेरचं नाव एवढ्यात कानातून जात नाही. अजूनही संध्याकाळी बळीराम मागच्या दारी "रंभेऽ" म्हणून हाक मारतो, तेव्हा गोठ्यातून आणि आतल्या खोलीतून एकदमच ओ येते. बाळ आधी गोठ्याकडे जातो.